अक्षरं चुकवत

चंदगडहून पहाटेची एसटी, मग पणजीहून दुसरी.
ओल्ड गोव्यात उतरलो तेव्हा ऊन असं की
झाडांच्या सावल्या झाडांनाच बिलगलेल्या.
से कॅथेड्रलच्या दाराशी आप्पांनी चपला काढल्या.
"इथं चालतात, घालूनच चला."
"चालत असतील," म्हणाले,
आणि भिंतीकडेला, भर उन्हात, नीट जोडीनं ठेवल्या,
जशा ठेवायचे लोकांच्या दारात
गिलाव्याच्या कामाला गेले की.

समोरून पाहिलं तर मनोरा एकच.
दुसरा पडला, सतराशे शहात्तरात,
मी फोनमधून वाचून दाखवलं.
आप्पा उरलेल्याकडे बघेनात.
जिथं काही नाही तिथंच बघत राहिले
डोळ्यांवर हात धरून.
"पाया नाही गेला. पाया जाता
तर ही भिंत फाटली असती.
वरनं मार बसलाय."

आत गारवा, आणि सोनं.
सोन्यात कोरलेले एका बाईचे हाल,
खाली फोटो काढणाऱ्यांची गर्दी.
आप्पा मात्र बाजूच्या एका कोपऱ्यात
भिंतीला कान लावून उभे,
बोटाच्या पेरानं टकटक करत,
कलिंगड बघावं तसं.

"हात लावूं नाका, बाबा,"
राखणदार आला, मेनीनो नाव त्याचं, छातीवर लिहिलेलं.
"हितं पोकळ वाजतंय," आप्पा म्हणाले. "पोपडा धरलाय आतनं."
मेनीनोनं इकडं तिकडं पाहिलं,
मग स्वतःच वाजवून बघितलं.
"म्हजो बापूय चुन्याच्या भट्टयेर आशिल्लो."
झालं.
गुळाचं पाणी किती, हिरडा किती,
खुब्यांचा चुना की दगडाचा,
किती दिवस कुजवायचा,
दोघं कुजबुजत राहिले, जणू सोयरिकीचं बोलणं.
एकाची कोकणी, एकाची आमच्याकडची मराठी,
अडत कुणाचंच नव्हतं.
दोन पदव्यांची मी
मधल्या मधे, हातात पाण्याची बाटली.

मी विचारलं, उगाच,
"एवढ्या भिंती बांधल्या तुम्ही,
नाव कुठल्या भिंतीवर आहे का?"
"आतनं असतंय," आप्पा हसले.
"पहिल्या थरात बोटं उमटतात. वरनं साफ हात मारायचा."
मेनीनोनं मान हलवली,
जणू हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

मग माझं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं.
खाली फरशीत थडगी, थडग्यांवर नावं,
येणाऱ्याजाणाऱ्यांनी झिजवलेली.
आप्पा चालत होते बिट्ट्या खेळणाऱ्या पोरीसारखे,
एक पाय इथं, एक तिथं, अक्षरं चुकवत.
"काय लिवलंय गं?"
"मेलेल्यांची नावं. पोर्तुगीज असेल. लॅटिनही."
"वाचता येतंय तुला?"
"नाही."
"मग आपण दोघं सारखंच की."

धा, क, लू.
तीन अक्षरं, चाळिशीत शिकलेली,
माझ्याच पाटीवर, माझ्याच शिव्या खाऊन.
बँकेत सही करताना अजून
जीभ दातांत धरतात.

मी खाली पाहिलं.
माझी चप्पल कुणाच्या तरी नावाच्या मधोमध,
एक अक्षर पुरतं झाकलेलं.
पाय उचलला, तर ठेवायला जागा सापडेना.

दाराकडे जाताना तर दगडाला दगड लागून, कड ते कड मजकूर.
आप्पा थांबले.
वाकले, गुडघा धरून,
दगडाला बोटं लावून कपाळाला लावली,
वहीला पाय लागल्यावर लावतो तशी,
आणि भरभर पलीकडे गेले.
मेनीनो बघत होता. काही बोलला नाही.

बाहेर ऊन तसंच होतं.
मला वाटलं, चपला तापून निखारे झाल्या असतील,
म्हणून बाटली उघडली.
पण चपला सावलीत.
कुणी हलवल्या नव्हत्या, तिथंच होत्या, जोडीनं.
आत जाताना आप्पांनी तेवढं बघून ठेवलं होतं,
सावली कुठं सरकेल ते.